लिहून राह्यलं

केनवड, मार्गे रिसोड
४ जानेवारी १९७८

अन्सार,

'प्रिय' लिहायची सवय हाताला आहे, ती मुद्दाम दाबून ठेवली आहे. मला निलंबित केलं त्या दिवशी मी संगणक केंद्राच्या पुढच्या दारात तुझी वाट बघत उभा होतो आणि तू कॅन्टीनच्या मागच्या दाराने निघून गेलास. रिसोडच्या शाळेत एका बाकावर बसलेली, मुंबईत एका खोलीत राहणारी दोन माणसं, आणि एकाने दुसऱ्याला साधं 'नीट जा' म्हणू नये? तू खोलीवर आलास तेव्हा मी अकोल्याच्या गाडीत बसलो असेन. ती वेळ तू बरोबर साधलीस.

आता कामाचं. आदेशाची नक्कल इथे टपालाने आली. गिरणीच्या कामगारांच्या नोंदी असलेली डिस्क बिघडली, विणकर खात्यातल्या माणसाचं नाव मागवलं की त्याच्याखाली रंगखात्यातल्या माणसाची नोकरी येते, इथपर्यंत ठीक. ते मीही बघितलं होतं. पण पुढे लिहिलं आहे, 'चालक इंद्रभान भिवाजी सरकटे यांनी लेखन पूर्ण झाल्याची खोटी माहिती दिली व तीवर विसंबून डिस्कचा पॅक उतरवण्यात आला.'

खोटी माहिती. मी इकडे मशीनच्या कन्सोलवर होतो. सबनीस साहेब काचेच्या पलीकडे डिस्कच्या खोलीत होते आणि तू त्यांच्या शेजारी होतास. त्यांनी इंटरकॉमवर विचारलं, झालं का? मशीन अजून लिहितंय, एवढंच मी सांगितलं. आता साहेब म्हणतात मी 'झालं' म्हणालो. एवढ्या हुद्द्याचा माणूस इतकं धडधडीत खोटं बोलतो आणि चौकशी समिती माना डोलावते. मी केनवडच्या बौद्धवाड्यातला, बोलायला गावंढळ, ज्याला साहेब सगळ्यांदेखत 'राह्यलेकर' म्हणून हाक मारतात आणि सगळे हसतात. तूही हसायचास. तेव्हा खरं कोणाचं धरायचं याचा समितीला फार विचार करावा लागला नसेल.

पुढच्या महिन्यात शेवटची चौकशी आहे. तिथे हे कायम झालं तर नोकरी जाईलच, पण खोटारडा हा शिक्का घेऊन गेलो तर देशातल्या कुठल्याच मशीनजवळ मला कोणी उभं करणार नाही. मशीन आहेतच किती, आणि त्यांचे साहेब सगळे एकमेकांचे ओळखीचे.

त्या डिस्कला नक्की काय झालं हे अजून कोणी बघितलेलंच नाही. ताप कसला ते न बघता सुई टोचणारे डॉक्टर असतात, तशी ही समिती. म्हणून तू बघ. डिस्क वाचणारं हेड तिच्या फिरत्या थाळीला घासलं असेल तर थाळीवर चरा दिसेल आणि तेवढ्याच थाळीवरच्या नोंदी वाचता येणार नाहीत. तेव्हा पॅक आधी उजेडात धरून बघ आणि बघितल्याशिवाय दुसऱ्या ड्राइव्हवर चढवू देऊ नकोस, नाहीतर तिथली हेडही जातील. माझ्या प्रोग्रॅमची चूक असेल तर घोळ पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत एकाच तऱ्हेचा असेल. तसं निघालं तर मी इथूनच राजीनामा पाठवीन, साहेबांना कष्ट नकोत. तिसरी शक्यता कागद बघितल्याशिवाय बोलणार नाही.

सूची आणि सगळ्या नोंदींचे मथळे छापून पाठव. एवढं तरी कर.

इंद्रभान


केनवड
१७ जानेवारी १९७८

अन्सार,

कागदांचा गठ्ठा मिळाला. चिठ्ठी मिळाली नाही, कारण तू ती घातलीच नव्हतीस. गठ्ठ्याच्या कोपऱ्यावर पेन्सिलने 'चरा नाही' एवढे दोन शब्द. बहुतेक त्या दोन शब्दांखालीही सही करायची तुला भीती वाटली असेल.

कागद अंगणात उलगडला तर लिंबापासून थेट चुलीच्या खोलीच्या दारापर्यंत गेला. कडेला दगड ठेवले, तरी कोंबड्या त्यावरून हिंडायच्या त्या हिंडल्याच. गल्लीतले येऊन विचारून गेले, मतदारयादी आली का. मी म्हणालो, हो, यात माझं नाव शोधतोय.

आणि सापडलं, अन्सार. एका जागेपर्यंत सगळ्या नोंदी नव्या क्रमाने, त्यानंतर सगळ्या जुन्या क्रमाने, आणि सूची पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जुनी. मधे कुठे घोळ नाही, कुठे डाग नाही. विळ्याने कापल्यासारखं स्वच्छ. हेड घासलं तर असं होत नाही आणि प्रोग्रॅम चुकला तर असं कधीच होत नाही.

बाबा, म्हणजे आमचे भिवाजीबाबा, शेजारी बसून बघत होते. म्हणाले, नेमकं मोडलं तरी काय? त्यांना सांगितलं ते तुलाही सांगतो, कारण तुम्हा सगळ्यांनाच ते पहिल्यापासून सांगायची गरज आहे. एका दांडीवर थाळ्या बसवलेल्या, त्या गरगर फिरतात, त्यांवर एकेका कामगाराची नोंद. कोणाची नोंद कुठे हे वेगळ्या सूचीत, जसं कोणाचं वावर कुठे ते तलाठ्याच्या दप्तरात. नोंदी अस्ताव्यस्त झाल्या होत्या. म्हणून मी त्या सगळ्या आधी डिस्कवरच्याच राखीव जागेत उतरवून घेतल्या आणि तिथून एकेक उचलून मूळ जागी क्रमाने मांडत होतो. सगळ्या मांडून झाल्या की शेवटी सूची नवी लिहायची. मांडणी अर्धी असतानाच कोणीतरी ड्राइव्ह बंद केला. आता सूची म्हणते विणकर या जागेवर आहे, आणि त्या जागेवर मी रंगाऱ्याला आणून बसवलेलं आहे. सूची जुनी, माणसं नवी.

बाबांनी बिडी बाजूला ठेवली. "मंग वावरं तं हायेत. त्या तलाठ्याले मधातच कोनं उठवलं?"

तेच मी तुला विचारतो. वीज गेली नव्हती, माझ्या डोक्यावरचा दिवा जळत होता. ड्राइव्ह आपोआप बंद होत नाही, त्याच्या स्विचवर बोट ठेवावं लागतं. त्या खोलीत माणसं दोनच होती.

आणि ऐक. साहेब पॅक पुसून भोकांच्या पंच कार्डांवरून पुन्हा भरायला सांगतील, त्यांचा तो आवडता उपाय आहे. तसं करू देऊ नकोस. राखीव जागेतल्या सगळ्या नोंदी शाबूत आहेत. जिथे काप आहे तिथून मांडणी पुढे चालू करायची आणि शेवटी सूची लिहायची, बस. कसं ते सोबतच्या कागदावर लिहिलं आहे. त्या गिरणीतल्या माणसांनी माझं काय वाकडं केलंय? त्यांची नोकरी त्यांच्या नावाला परत लागू दे.

पण स्विच कोणी बंद केला ते कळव. या वेळी पेन्सिलने नको.

इंद्रभान


केनवड
२९ जानेवारी १९७८

अन्सार,

तुझं पत्र आलं. एकदाचं आलं.

स्विच तू बंद केलास. साहेबांनी इंटरकॉमचा रिसीव्हर ठेवला, 'झालं म्हणतोय, काढ' म्हणाले आणि तू बंद केलास. मी काय बोललो ते तुला ऐकू आलं नव्हतं. ठीक आहे, हुकूम होता, पाळलास. त्यासाठी मी तुला दोष देत नाही, पत्रात उगाच गळा काढू नकोस.

पण पुढे तू लिहितोस, 'साहेबांनी समितीपुढे तुझेच शब्द सांगितले. लिहून राहिलं, असं इंद्रभान म्हणाला. मी तिथे साक्षीला होतो.'

हे वाचून मी चक्रावलो. कारण मी तेच म्हणालो होतो. 'लिहून राह्यलं, साहेब.' अक्षरन् अक्षर तेच. मग साहेब खोटं कुठे बोलले? आणि खोटं बोलले नाहीत तर मी खोटारडा कसा झालो? जेवताना तेच, वावरात गेलो तरी तेच. आई म्हणाली, याले कोनाची तरी नजर लागली.

मग परवा दवाखान्यातली नवी नर्सबाई आली. साताऱ्याकडची आहे, इकडे बदली होऊन आलेली. भागिरथा वहिनीचे दिवस भरत आले आहेत, तिला तपासायला आली होती. आई दारात तांदूळ निवडत होती. बाईंनी विचारलं, सून कुठे आहे, अंघोळ झाली का तिची?

आई म्हणाली, "न्हाऊन राह्यली."

बाई 'बरं झालं' म्हणून सरळ परसात गेल्या आणि न्हाणीचा पडदा बाजूला केला. वहिनीने जो तांब्या फेकला तो माझ्या पायाशी येऊन पडला. बाई लाल होऊन बाहेर आल्या, आईवर रागावल्या. म्हणाल्या, "अहो, तुम्हीच म्हणालात ना, न्हाऊन राहिली म्हणून? मला वाटलं आटोपलं." आई म्हणाली, तेच तं सांगून राह्यली मी, न्हाऊन राह्यली, मंग अंदर कायले गेल्या?

दोघी आपापल्या जागी खऱ्या होत्या. अजूनही भांडत असतील.

मी तांब्या हातात घेऊन तिथेच बसलो. आपल्याकडे 'करून राह्यलो' म्हणजे करतोय, अजून करतोय, हात कामात आहे. त्यांच्याकडे तसं बोलतच नाहीत, म्हणून त्यांच्या कानाला ते संपलेलं वाटतं. लिहून राहिलं, म्हणजे लिहून झालं. मशीन लिहितंय असं मी सांगितलं आणि मशीनचं लिहून झालं असं साहेबांनी ऐकलं. एका क्रियापदावर डिस्क फुटली, अन्सार. चरा थाळीवर नव्हता, तो आम्हा दोघांच्या मराठीच्या मधोमध होता.

म्हणजे साहेब खोटं बोलले नव्हते. हे वाक्य लिहिताना मला काय वाटलं ते मलाच माहीत. पण त्यांना सोडत नाही मी. वर्षभर ज्या शब्दावरून मला राह्यलेकर म्हणून हसले, त्या शब्दाचा अर्थ काय हे एकदाही विचारावंसं त्यांना वाटलं नाही. हसायला अर्थ लागत नाही ना.

त्यांना कळलं नाही, ते कळलं नाही. तुला तर कळलं. समितीपुढे तो शब्द उच्चारला गेला तेव्हा त्या खोलीत एकच माणूस असा होता की ज्याला तो कळत होता. तुझी अम्मी घरात उर्दू बोलते, पण दुकानात बांगड्या भरताना गिऱ्हाइकाशी काय बोलते? 'भरून राह्यली, बाई, हात ढिला सोड.' त्या बोलण्यात तू लहानाचा मोठा झालास. तुला एवढंच म्हणायचं होतं की साहेब, आमच्याकडे याचा अर्थ 'चालू आहे' असा होतो. एक वाक्य. ते तू म्हणाला नाहीस. मान खाली घालून बसलास आणि माझ्या नावापुढे 'खोटी माहिती' लिहिली गेली.

का? कायले, अन्सार?

इंद्रभान


केनवड
८ फेब्रुवारी १९७८

अन्सार,

तुझं उत्तर चार वेळा वाचलं आणि चारही वेळा उठून बाहेर गेलो.

तू म्हणतोस, मुंबईत तुझं नाव ऐकून माणसं एकदा थबकतात, बोलणं ऐकून दुसऱ्यांदा थबकू नयेत म्हणून तू बोलणं बदललंस, आता ते अंगवळणी पडलंय. हे मला माहीत आहे. खोलीवर आरशासमोर 'नाही का', 'असं बघा' म्हणायचा सराव करायचास तेव्हा मीच तुला चुका दाखवायचो. तेव्हा गंमत होती. पुढे म्हणतोस, "समितीपुढे 'आमच्याकडे' म्हटलं असतं तर मीही तुझ्यातला ठरलो असतो, आणि स्विच तर माझ्याच हाताने बंद झालेला."

माझ्यातला ठरला असतास. मग काय विटाळ झाला असता का तुला?

हा शब्द मला तुझ्यासाठी लिहावा लागला, याचा राग मला निलंबनापेक्षा जास्त आहे. जो शब्द बाबांनी छप्पन साली बौद्ध होताना गावाच्या तोंडावर फेकून दिला, तो मी माझ्या सख्ख्या दोस्ताला पत्रात लिहितोय. ज्या घरात मी शाळेच्या दिवसांत तुझ्या ताटात जेवलो त्या घरच्या मुलाला. शरम मला वाटते आहे, वाटायला तुला हवी.

आणि डिस्क दुरुस्त झाली म्हणे. मी सांगितलं तसं केलंत, सगळ्या नोंदी जागच्या जागी आल्या. अभिनंदन. तू सहज लिहिल्यासारखं लिहिलं आहेस की अहवालात 'श्री. सबनीस यांच्या मार्गदर्शनाखाली दुरुस्ती झाली' असं गेलं आहे. वा. बिघाड माझा, दुरुस्ती साहेबांची. मी अंगणात कोंबड्या हाकलत त्या कागदावरून रांगलो, ते मार्गदर्शन घ्यायलाच बहुधा. असू दे, दुरुस्तीचा मान त्यांना घेऊ दे, त्यांच्या घरी भिंतीवर फ्रेम करून लावायला उपयोगी पडेल. मला माझा एक शब्द परत हवा आहे.

काल रिसोडच्या बाजाराला गेलो होतो. तुमच्या दुकानावरून जायचं नाही असं ठरवलं होतं, पण तुझ्या अम्मीने, सकीना खालांनी, लांबूनच ओळखलं आणि हाक मारली. बसवून चहा दिला. तुझी पत्रं आता आखूड येतात म्हणाल्या, खुशाली आणि सलाम, बस. मग बांगड्यांचा डबा बंद करून माझ्याकडे बघत राहिल्या.

"पोरगा काईतरी लपवून राह्यला, बाबू. तुले मालूम हाय, तू सांगत नाई."

मी म्हणालो, काही नाही खाला, कामाचा व्याप आहे. मी तुला वाचवलं असं समजू नकोस. तुझी अम्मी ज्या शब्दात तुझी काळजी करते त्याच शब्दाची तुला लाज वाटते, हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

वीस तारखेला चौकशी आहे. मी स्वतः उभा राहून सांगितलं तर बनाव म्हणतील, सुटण्यासाठी व्याकरण रचलं म्हणतील. दुसरा वऱ्हाडी तिथे तूच आहेस. चौकशीच्या आधी अध्यक्षांकडे जा आणि त्यांना तुझ्या घरच्या भाषेत सांग. स्विचचंही सांग, हुकूम होता हेही सांग. नसेल जमत तर तसं लिही, म्हणजे मी तुझी वाट बघणं सोडीन. पण गप्प राहू नकोस. गप्प राहिलास की त्याचा अर्थ मुंबईतही एकच होतो आणि रिसोडातही एकच.

इंद्रभान


केनवड
१६ फेब्रुवारी १९७८

अन्सार,

तुझं कार्ड आलं. पोस्टमनने वाचून दाखवायचा आगाऊपणा केला, त्याला एका श्वासाचाही वेळ लागला नाही. वर खुशाली नाही, खाली सलाम नाही. मधे फक्त, 'सांगून राह्यलो.'

पोस्टमन म्हणाला, काय सांगून राह्यला हा? आई म्हणाली, सांगून राह्यला नं, सांगू दे की.

मुंबईच्या कानाने वाचलं तर तू सांगून मोकळा झालास. आपल्या कानाने वाचलं तर अजून सांगतो आहेस, अर्ध्यात आहेस, अध्यक्षांकडून समितीकडे, समितीकडून साहेबांकडे. मी आपल्याच कानाने वाचलं. तू इतक्या वर्षांनी हा शब्द शाईने लिहिलास, तो उगाच लिहिला नसशील.

माझा राग गेला आहे असं समजू नकोस. तो आहे. भेटल्यावर तुझ्या तोंडावर सगळा सांगणार आहे. पण आत्ता एवढंच. अर्ध्यात असशील तर कोणी मधेच 'झालं का' विचारलं म्हणून थांबू नकोस. तुला माहीत आहे अर्ध्यात थांबवलं की काय होतं. माणसं नवीन आणि सूची जुनी राहते. तू खरं बोललास, सगळे चांगलं म्हणाले, आणि आदेशात 'खोटी माहिती' तशीच राहिली, असं व्हायला नको. तो शब्द खोडलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघ आणि मगच त्या खोलीतून बाहेर पड.

चौकशीचं बोलावणं मला आलं आहे. उद्या आपल्या इकडच्या मालेगाववरून अकोल्याची एस.टी. पकडतो. भागिरथा वहिनीला मुलगी झाली, नर्सबाईंनीच केलं सगळं, आता त्या आईला 'चालू आहे की झालं' असं दोन्ही विचारून घेतात. खालांनी तुझ्यासाठी लोणच्याची बरणी दिली आहे. ती माझ्या पिशवीत आहे, देईन की नाही ते तुझ्या तोंडाकडे बघून ठरवीन.

सबनीस साहेबांना माझा निरोप दे. याच शब्दांत दे, एक अक्षर सुधारू नकोस. म्हणावं, इंद्रभान येऊन राह्यला.

ते त्यांच्या पद्धतीने समजतील, की आला आणि राहिला. समजू दे. या खेपेला त्यांचं चुकणार नाही.

इंद्रभान